तांबीच्या थाळीतला शिरा

ऐरोलीच्या त्या चार मजली इमारतीत जयमाला शिरकरांशी सरळ तोंडाने बोलणारं एकच माणूस उरलं होतं. समोरच्या भाड्याच्या फ्लॅटमधली सई. तिला इमारतीत येऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं, त्यामुळे भांडायला अजून विषय मिळाला नव्हता. बाकी चौदा घरांशी बाईंचं काही ना काही झालेलं होतं. कुणाच्या कुंड्यांचं पाणी गळतं, कुणी रविवारी दुपारी ड्रिल चालवतं, कुणाच्या चपला जिन्यात. बाई आधी दार वाजवायच्या, मग आवाज चढवायच्या, आणि समोरच्याने माफी मागितली तरी थांबायच्या नाहीत.

वय त्रेसष्ट. गाव संगमेश्वरकडचं, पण तिकडे जाणं बंद होऊन बारा वर्षं झाली. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रसायनांच्या कंपनीच्या कँटीनमध्ये त्यांनी सत्तावीस वर्षं काढली. सुरुवातीला कांदे चिरले, शेवटी दोन पाळ्यांचं जेवण त्यांच्या हाताखाली शिजायचं. लग्न केलं नाही. दोन भावांना शिकवलं, त्यांची लग्नं लावली, आणि गावच्या घराच्या वाटणीत त्याच भावांनी ‘तुला एकटीला घर कशाला’ असं विचारलं, तेव्हा त्यांचंही तोंड बघणं सोडलं.

कँटीनमध्ये त्यांना एकच गोष्ट सहन व्हायची नाही. दुपारी तीनला उरलेला भात, डाळ, भाजी, सगळं निळ्या पिंपात ओतलं जायचं. एकदा एका मोठ्या साहेबांनी अख्खी थाळी तशीच सरकवून दिली, तर बाई ती थाळी घेऊन त्यांच्या टेबलापुढे उभ्या राहिल्या.

“साहेब, घरी पण असंच टाकता?”

चारचौघांत विचारलं. दुसऱ्या दिवशी मेमो आला. बाईंनी तो घडी करून पिठाच्या डब्याखाली ठेवला आणि पुढे निवृत्त होईपर्यंत कुणाच्याही थाळीत डोकावून बघायचं सोडलं नाही.

चार वर्षांपूर्वी पाण्याच्या टँकरने उडवलेलं कुत्रीचं एक तांबूस पिल्लू त्यांना मार्केटच्या कोपऱ्यावर दिसलं. मागचा पाय लोंबत होता. टँकरवाल्याला शिव्या घालत घालतच त्यांनी ते पदरात उचललं आणि घरी आणलं. पाय जुळला, थोडा वाकडा राहिला. नाव तांबी. बाईंच्या घरात आधी जे कुणाला मिळालं नव्हतं, ते तांबीला मिळालं. तिच्याशी बोलताना बाईंचा आवाज खाली यायचा.

दोघींचा स्वयंपाक एकाच पातेल्यात व्हायचा. फ्रिज उघडला की बाई ओट्यावर सगळं मांडून घ्यायच्या. कालचा भात, सकाळची एक चपाती, दुधीच्या साली, कोबीचा दांडा, बिनफोडणीचं वरण. सईच्या घरून कधीकधी कोऱ्या भाताचा डबा यायचा, कारण ती आणि तिच्यासोबत राहणाऱ्या पोरी बाहेरून जेवण मागवत आणि भात तसाच राही. साली बारीक चिरून उकडायच्या, त्याच पाण्यात चपातीचे तुकडे भिजवायचे, भात मोकळा करून घालायचा, वरण ओतायचं. मांदेली आणली असेल तर डोकी वेगळी शिजवून, हाताने काटा न् काटा काढून, तो गर वरून. इथवर मीठ नाही, कांदा-लसूण नाही. मग तांबीचा वाटा तिच्या थाळीत निघायचा आणि गार व्हायला खिडकीशी जायचा. उरलेल्यावर बाई लसूण-मिरचीची चरचरीत फोडणी ओतायच्या, मीठ घालायच्या, आणि दोघी एकाच वेळी जेवायच्या. एक पाटावर, एक फरशीवर.

हे इमारतीला माहीत होतं आणि इमारतीला ते आवडत नव्हतं. सगळ्यांत जास्त आवडत नव्हतं शहाजी जमदाडेंना. ते पहिल्या मजल्यावर राहायचे, सोसायटीचे सेक्रेटरी होते, आणि मूळचे तासगावकडचे. वाशीच्या मार्केटात त्यांचा बेदाण्याचा गाळा होता. उकडलेल्या मासळीचा वास जिन्यातून खाली येतो, अशी त्यांची पहिली तक्रार. बाईंनी उत्तर पाठवलं की तुमच्या देवाच्या धुपाचा वास वर येतो, त्याचं काय करू. मग ‘सदनिकेत भटके प्राणी ठेवू नयेत’ अशी नोटीस बोर्डावर लागली. बाईंनी ती सगळ्यांसमोर फाडली. त्या संध्याकाळी जमदाडेंनी सोसायटीच्या ग्रुपवर एक वाक्य टाकलं.

‘माणसाचं उष्टं कुत्रं खातं हे ठीक. आपल्याकडे कुत्र्याच्या पातेल्यातलं माणूस खातं.’

खाली हसण्याची चित्रं आली. एक, दोन, नऊ. बाईंनी ती मोजली. कुणाकुणाची आहेत, तेही लक्षात ठेवलं. आयुष्यभर लोकांना रांधून घातलेल्या बाईच्या पातेल्यावर त्या माणसाने बोट ठेवलं होतं. त्या दिवसापासून जमदाडेंच्या घरचं पाणीही त्यांना चालेनासं झालं.

हे झालं उन्हाळ्यात. श्रावणात जमदाडेंकडे सत्यनारायण होता. पूजा सकाळी आटोपली आणि साडेअकराच्या सुमारास जमदाडेंची आई, दुर्गाबाई, स्वतः प्रसाद वाटत तिसऱ्या मजल्यावर आली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, गुडघे दुखतात, तरी कठडा धरून चढली. जयमालाबाईंनी दार उघडलं. तांबी शेपूट हलवत पुढे आली, तशी दुर्गाबाईंनी नऊवारीचा सोगा मागे ओढून घेतला आणि हात लांब करून शिऱ्याचा भरलेला द्रोण पुढे केला. शिऱ्यात बेदाणे अगदी ठासून भरलेले. घरचेच होते, कशाला हात आखडायचा.

“प्रसाद हाय, तुम्ही खावा. त्या कुत्रीला घालू नगा.”

“मला शिकवू नका,” जयमालाबाई म्हणाल्या, द्रोण घेतला आणि दार लावलं.

ओट्यापाशी त्या बराच वेळ द्रोण हातात धरून उभ्या राहिल्या. अन्न त्या टाकत नसत, आणि हा तर प्रसाद. पण जमदाडेंच्या घरचा घास घशाखाली उतरणार नव्हता. दारात सोगा आवरणारी ती म्हातारी डोळ्यांपुढून जाईना. तांबी पायाशी येऊन बसली होती.

“नको घालू म्हणाली ना,” बाई म्हणाल्या. “मग तूच खा.”

सगळा द्रोण तांबीच्या भातावर पालथा झाला. गोड तिला कधी मिळायचं नाही. तिने थाळी चाटून चाटून सरकवत पार दारापर्यंत नेली.

संध्याकाळी पाचला तांबी ओकली. बाईंना वाटलं, तुपाने झालं असेल. पुन्हा ओकली, मग पाण्यासारखं. सकाळी ती उठेना. वाटी नाकाशी धरली तरी मान वळवली, आणि रात्रीपासून तिने लघवी केली नव्हती. बाई तिच्या पोटावर हात ठेवून बसल्या, आणि त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की झाली. त्या घरून आलेलं अन्न, आणि ‘कुत्रीला घालू नगा’ हे शब्द. आत काय आहे ते माहीत होतं, म्हणूनच सांगितलं.

आपल्याला मारायला बघितलं आणि कुत्री मधे आली!

त्या तशाच, केस न विंचरता, खाली गेल्या आणि जमदाडेंच्या दारावर मुठीने ठोकू लागल्या. सकाळचे नऊ. ऑफिसला निघालेली माणसं जिन्यात थांबली.

“काय घातलं होतं शिऱ्यात? बाहेर या! काय घातलं होतं, सांगा!”

जमदाडे अर्धी दाढी झालेल्या तोंडाने बाहेर आले. “ओ शिरकर बाई, सकाळ सकाळी काय लावलंय? तोंड सांभाळून बोला.”

“तुमच्या आईने प्रसादातून विष दिलं. माझी कुत्री मरायला टेकलीय वर.”

“विष?” जमदाडेंचा आवाज चिरकला. “अख्ख्या बिल्डिंगनं खाल्लाय तो शिरा. कोण मेलं? सांगा, कोण मेलं?”

“माझा द्रोण वेगळा भरला असेल.”

मागे, सोफ्याच्या कडेला दुर्गाबाई उभी होती. हातातली जपमाळ थांबली होती. कुणीतरी मोबाईल वर धरून हे सगळं टिपत होतं, आणि जयमालाबाईंनी त्या मोबाईलकडे बघूनच पुन्हा एकदा, नीट ऐकू जाईल असं, म्हटलं, “प्रसादातून विष देणारी माणसं आहेत ही.”

दवाखान्यात न्यायला सई सोबत आली. रिक्षात तांबी दोघींच्या मांडीवर आडवी होती. वाटेत पोलीस चौकी लागली, तशी बाईंनी रिक्षा थांबवायला लावली.

“मावशी, आधी दवाखाना,” सई म्हणाली.

“दोन मिनिटं.”

दोन मिनिटांची दहा झाली. बाई तक्रार लिहून देऊनच परत आल्या.

डॉक्टर अभिराम तांबीला लहानपणापासून बघत होते. त्यांनी रक्त घेतलं, सलाईन लावलं आणि विचारलं, “काय काय खाल्लं तिने?”

“विष,” बाई म्हणाल्या.

“खाणं सांगा. काल दिवसभरात.”

“सकाळी भात-वरण. दुपारी भात, त्यावर त्या लोकांचा शिरा. त्यातच काय ते होतं.”

“शिऱ्यात बेदाणे होते?”

“होते. भरपूर. त्याचं काय?”

डॉक्टरांनी हातातली सुई ट्रेमध्ये ठेवली. “बेदाणे आणि द्राक्षं कुत्र्यांच्या किडनीला घातक असतात. कुणाला चार दाण्यांनी होतं, कुणाला मूठभर खाऊनही होत नाही, आधी सांगता येत नाही. हिला झालंय.” मग म्हणाले, “मावशी, पहिल्या लसीच्या वेळी मी तुम्हाला काय काय द्यायचं नाही ते सांगत होतो. कांदा, लसूण, मीठ इथवर आलो, तेव्हा तुम्ही म्हणालात, कळलं, मला स्वयंपाक शिकवू नका.”

बाईंना ते आठवलं. काल दारात द्रोण घेतानाही त्या हेच म्हणाल्या होत्या. तांबीने मान उचलून त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा टाकली.

“वाचेल?”

“लघवी सुरू झाली तर. दोन-तीन दिवस बघू.”

दोघी बाहेर बाकावर येऊन बसल्या. मग बाईंनी सईचा हात पकडला, जरा जोरातच.

“हे बिल्डिंगमध्ये कुणाला बोलू नकोस.”

“मावशी, तुम्ही पोलिसांत लिहून दिलंय.”

“मला माहितीय मी काय लिहून दिलंय. तू बोलू नकोस एवढंच.”

सईने हात सोडवून घेतला. “मी खोटं बोलणार नाही. कुणी विचारलं तर सांगेन. कुणी विचारलं नाही तर गप्प बसेन. पण मला हे आवडलेलं नाही.” आणि ती ऑफिसला उशीर झाला म्हणून निघून गेली.

तीन दिवस बाई सकाळ-संध्याकाळ दवाखान्यात जाऊन तांबीपाशी बसल्या. घरी आल्या की दार लावून घ्यायच्या. खाली जे चाललं होतं ते त्यांना दाराआडूनही कळत होतं. जिन्यातला व्हिडिओ ग्रुपवर फिरला होता. जमदाडे बाईंना वेडी म्हणत होते, आणि तरीही दुसऱ्या मजल्यावरच्या एका बाईने दुर्गाबाईंनी पाठवलेली पुरणपोळी ‘आमच्याकडे गोड चालत नाही’ म्हणून परत केली होती. त्याच बाईच्या घरी जमदाडेंकडून दर दिवाळीला गोडाची ताटं जायची. तिसऱ्या दिवशी एक हवालदार चौकशीला आला. तो नीटच वागला, पण खुर्चीवर बसून त्याने अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या म्हातारीला विचारलं की शिरा कुणी केला, कशात केला, द्रोण कुणी भरले, वर कोण घेऊन गेलं. तो गेल्यावर दुर्गाबाईंचं रडणं जिन्यातून वर आलं. मोठं रडणं नव्हतं. धाप लागल्यासारखं, तुटक. बाई दाराला पाठ लावून ते ऐकत उभ्या होत्या.

त्यांना तेव्हाही दया आली असं नाही. पहिल्यांदा डोक्यात आलं ते एवढंच, की रडू दे, नऊ जण हसले होते तेव्हा मी एकटी होते. मग हे आलं, की त्या हसणाऱ्यांत ही म्हातारी नव्हती. तिच्याकडे मोबाईलच नव्हता.

त्याच दुपारी दवाखान्यातून फोन आला, तांबीला लघवी झाली. बाई ओट्यापाशी बसून पाच मिनिटं रडल्या, तोंड धुतलं, केस बांधले आणि पहिल्या मजल्यावर गेल्या.

दार जमदाडेंनीच उघडलं. “आता काय राहिलंय?”

“तुमच्या आईशी बोलायचंय.”

“आई कुणाशी बोलत नाही. तुम्ही वर जावा.”

“मग इथूनच बोलते, त्यांना ऐकू जाईल.” बाईंनी आवाज चढवला, कारण खालच्या आवाजात ते त्यांना सांगता आलं नसतं. “शिऱ्यात विष नव्हतं. बेदाणे होते. बेदाण्यांनी कुत्र्यांच्या किडन्या जातात. मला माहीत नव्हतं. शिरा मी घातला तिला. मी स्वतः.”

जमदाडे फुटलेच. “बेदाणे? आमच्या बेदाण्याला विष म्हणून पोलिसांत गेला तुम्ही? माझी आई तीन दिवस जेवली नाही, बाई! पोलीस आला घरात! बापजन्मी आमच्या घरात पोलीस आला नव्हता!”

“आज जाऊन तक्रार मागे घेते.”

“मागं घेऊन काय हुतंय? ज्यांनी ऐकलं त्यांच्या कानातनं काढणार हाय का तुम्ही?”

आतून दुर्गाबाई आली. दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. डोळे सुजलेले, पण आवाज ठाम.

“मी सांगितलं हुतं. तिला घालू नगा म्हणून.”

“सांगितलंत. का ते नव्हतं सांगितलं.”

“प्रसाद हाय म्हटलं. एवढं कारण पुरत न्हाई?”

सत्तावीस वर्षांत कुणाच्याही पानातलं उरलेलं जयमालाबाईंना खपलं नव्हतं, आणि हातात दिलेलं अन्न मात्र त्यांनी रागाने पालथं केलं होतं. त्या म्हणाल्या, “चुकलं माझं.” एवढेच शब्द. ते त्यांना जड गेले, आणि ते जड गेलेले दुर्गाबाईंना दिसले, पण म्हणून ती मऊ झाली नाही.

“माझ्या तोंडावर म्हणून काय उपेग? तुम्ही वरडून बोलला हुता, वरडून सांगा.”

म्हणून बाईंनी लेखी दिलं. स्वतःच्या अक्षरात, निळ्या शाईने: ‘प्रसादात विष होते असे मी बोलले ते खोटे आहे. मी चुकून माझ्या कुत्रीला बेदाणे खायला घातले. दुर्गाबाई जमदाडे यांची मी माफी मागते.’ जमदाडेंनी कागद वाचला. ‘चुकून’ हा शब्द खोडायला सांगितला. बाईंनी खोडला. मग ते म्हणाले, खाली लिहा, यापुढे कुत्री पाळणार नाही.

“ते नाही लिहिणार.”

“मग हे काय कामाचं?”

“चूक मी केली. कुत्रीने काय केलंय? तिचं नाव यात घालू नका.” आणि त्यांनी कागद त्यांच्या हातून काढून घेतला, स्वतः खाली जाऊन बोर्डावर लावला, चारी कोपऱ्यांना टाचण्या मारून. तिथेच एकदा मोठ्याने वाचलाही. जिन्यात तीन-चार माणसं होती. व्हिडिओ मात्र या वेळी कुणी काढला नाही.

तक्रार बाईंनी त्याच संध्याकाळी चौकीवर जाऊन मागे घेतली. तांबी सहाव्या दिवशी घरी आली. वाचली, पण पहिल्यासारखी नाही. सारखं पाणी पिते, दिवसातून पाच वेळा खाली न्यावं लागतं, वाकड्या पायाने तीन मजले. सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये ठराव झाला की कुत्र्यांना पुढच्या गेटने नेऊ नये. तो कुणाला उद्देशून होता हे सगळ्यांना माहीत होतं. बाई मागच्या गेटने जातात. भाडेकरूला मत नसूनही ठरावाच्या विरोधात सईने हात वर केला होता, पण तिच्याकडून भाताचा डबा पुन्हा कधी आला नाही, आणि जिन्यात भेटली तर ती तांबीची चौकशी करते, बाईंची नाही. दिवाळीनंतर ती घर सोडून बेलापूरला गेली.

आता दोघींची पातेली वेगळी आहेत. डॉक्टरांनी खाण्याची यादी दिली तेव्हा बाईंनी ती दोनदा वाचून घेतली आणि प्रत्येक ओळीला “का?” असं विचारलं. डॉक्टरांना अर्धा तास लागला. तांबीला भात, उकडलेला दुधी, अंड्याचा पांढरा भाग, बस. ज्या दिवशी आधीचं काही उरलेलं असतं, ते बाई एकट्या फोडणी देऊन खातात. चव तीच आहे, पण जेवण लवकर संपतं.

मागच्या आठवड्यात त्या तांबीला घेऊन वर येत होत्या. पहिल्या मजल्यावर दार उघडं होतं आणि दुर्गाबाई उंबऱ्याशी मेथी निवडत बसली होती. तांबी दमून तिथेच थांबली आणि बसली. दुर्गाबाईंनी या वेळी सोगा आवरला नाही. मेथीच्या काड्या बाजूला केल्या आणि कुत्रीकडे वाकून विचारलं, “बरी हायेस का गं?”

“बरी आहे,” जयमालाबाई म्हणाल्या. “पाणी जास्त पिते, एवढंच.”

“तुम्हास्नी न्हाई इचारलं,” दुर्गाबाई म्हणाली, आणि पुन्हा मेथी निवडायला लागली.

बाईंच्या ओठांवर उत्तर आलं होतं, चांगलं झोंबणारं. ते त्यांनी गिळलं, तांबी उठेपर्यंत कठड्याला धरून उभ्या राहिल्या, आणि मग दोघी हळूहळू वर गेल्या.